विचारा की! मतं जास्त आणि आमदार कमी, हे कसं काय?

निकाल लागून महिना उलटला, शपथविधी झाला, खातेवाटपही झालं, पण आमच्या इनबॉक्समधली मतमोजणी काही संपत नाहीये. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान, २३ ला निकाल, आणि तेव्हापासून रोज "ताई, हे असं कसं झालं" हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं येतोय. म्हणून या महिन्यात सातबारा, वारसनोंद, गॅस सबसिडी सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त विधानसभा. ज्यांनी नुसत्या शिव्या पाठवल्यात (दोन्ही बाजूंच्या आहेत, समसमान) त्यांनी एवढीच पोच समजावी.

प्रश्न : ताई, शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि आमदार १०. अजितदादांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि आमदार ४१. कमी मतं त्याला चौपट आमदार! आता तरी म्हणा की घोळ आहे. (एक वाचक, इंदापूर)

आकडे बरोबर आहेत, तुमच्या ग्रुपवर आलेला मेसेज खोटा नाही, फक्त त्यात एक ओळ गाळलीये. तुतारीवाले (म्हणजे शरद पवारांचा पक्ष) लढले ८६ जागा आणि घड्याळवाले (अजितदादांचा) ५९. जास्त ठिकाणी उमेदवार उभे केले की राज्यभरातल्या मतांची बेरीज आपोआप मोठी होते, त्यात विशेष काही नाही. आता एका जागेमागे भागाकार करून बघा. तुतारीला एकूण ७२ लाख ८७ हजारांच्या वर मतं पडली, भागिले ८६, म्हणजे जागेमागे साधारण ८५ हजार. घड्याळाला ५८ लाख १६ हजार, भागिले ५९, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव हजारांच्या पुढे. एका मतदारसंघात यावेळी सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास मतदान झालंय, त्यात ८५ हजार म्हणजे बहुतेक वेळा दुसरा नंबर आणि ९८ हजार म्हणजे बऱ्याचदा गुलाल. दुसऱ्या नंबरला आपल्याकडे काही मिळत नाही, पाच मतांनी पडा नाहीतर पन्नास हजारांनी, विधानभवनाचा पास सारखाच.

आता थोडं कडू बोलते. लोकसभेला, २०२४ च्याच जूनमध्ये, महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमधला फरक एक टक्कासुद्धा नव्हता, आणि खासदार किती आले? ३० विरुद्ध १७. तेव्हा "मतं सारखी आणि जागा जवळपास दुप्पट कशा" असा मेसेज मला तरी एकानंही पाठवला नाही. तीच पद्धत, तीच मशीन, जवळपास तेच मतदार. विधानसभेला फरक एक टक्क्यावरून थेट साडेचौदा टक्क्यांवर गेला (महायुती ४८ टक्क्यांच्या थोडी वर, आघाडी ३४ च्या आत) आणि मग जागा झाल्या २३० विरुद्ध ४६. भाजप १४९ लढून १३२ जिंकला. आपल्या पद्धतीत मतांतला छोटा फरक फुगून मोठा दिसतो, आणि मोठा फरक फुगला की समोरचा सभागृहातून जवळजवळ पुसलाच जातो. हे चांगलं की वाईट यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे, माझ्या मते वाईटच आहे, पण त्याला घोळ म्हणू नका, नियमच तसा आहे.

घोळ शोधायचाच असेल तर ही जागा नाही, दुसरीकडे शोधा. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

प्रश्न : संध्याकाळी ५ ला टीव्हीवर ५८ टक्के मतदान सांगितलं, झोपताना ६५, आणि दुसऱ्या दिवशी ६६. रात्रीतून मतदान कोण करत होतं? भुतं का? (सेवानिवृत्त शिक्षक, बार्शी)

सर, नमस्कार. तुमचा आकडा अगदी नेमका द्यायचा तर ५ वाजता ५८.२२, आणि शेवटचा ६६.०५. म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या वर वाढ, मतदारांची संख्या ९ कोटी ७० लाख धरली तर सुमारे ७६ लाख मतं. एवढा आकडा एकदम ऐकला की पोटात गोळा येतो, मान्य.

पण केंद्रं किती होती? एक लाखाच्या थोडी वर. म्हणजे केंद्रामागे साधारण ७६ मतं. मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६, अकरा तास, केंद्रामागे दिवसभराची सरासरी तासाला ५८ च्या आसपास पडते. शेवटच्या तासाला आणि त्यानंतरच्या रांगेला मिळून ७६ होणं यात भुतांची गरज लागत नाही. शहरात लोक दुपारची झोप काढून ५ वाजता बाहेर पडतात हे काय तुम्हाला मी सांगायला पाहिजे? आणि ६ वाजता जे दाराच्या आत रांगेत आहेत त्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या देतो, शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागून कुणी घुसू नये, आणि मग ती रांग संपेपर्यंत ८ वाजोत का ९, मतदान चालू राहतं. शिवाय ५ चा आकडा हा फोनवरून, ॲपवरून वर गेलेला अंदाज असतो, गडचिरोलीतल्या एखाद्या केंद्रावरून तो किती वेळेत पोचत असेल ते तुम्हीच ठरवा.

आता जिथं मी आयोगाच्या बाजूनं नाही ते सांगते. प्रत्येक केंद्रावर मतदान संपल्यावर १७-सी नावाचा फॉर्म भरतात, या मशीनमध्ये एकूण इतकी मतं पडली असा, आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला मिळते. म्हणजे खरा हिशोब त्याच रात्री कागदावर तयार असतो. मग लाखभर फॉर्म स्कॅन करून दोन दिवसांत वेबसाइटवर टाकायला काय होतं? बँका एका रात्रीत कोट्यवधी व्यवहार मांडतात. ते करायचं नाही, आणि वर लोक शंका घेतात म्हणून रागवायचं. आणि २० डिसेंबर २०२४ ला तर केंद्रानं निवडणूक नियमांमधला ९३ क्रमांकाचा नियमच बदलला, त्यामुळे सीसीटीव्ही फुटेजसारख्या गोष्टी सामान्य माणसानं मागितल्या तर मिळणं अवघड होणार. लपवण्यासारखं काही नसेल तर दार का लावायचं, हा तुमच्यासारखाच माझाही प्रश्न आहे, फक्त तो ७६ लाखांवर न विचारता इथं विचारावा असं मला वाटतं.

आणि हो, पक्षवाल्यांनाही विचारा की तुमच्या एजंटांकडच्या १७-सी च्या प्रती कुठंयत. निम्म्या केंद्रांवर एजंट दुपारच्या जेवणानंतर परत येत नाही हे सगळ्या पक्षांतलं उघड गुपित आहे.

प्रश्न : मतमोजणीच्या हॉलमध्ये नक्की चालतं काय? टीव्हीवर ८ वाजून ५ मिनिटांनी "आघाडी" कशी काय दाखवतात? (बीएच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, अमळनेर)

छान प्रश्न, राजकारणशास्त्र घेतलंस का गं? सकाळी ८ ला आधी टपाली मतं उघडतात, म्हणजे सैनिक, ड्युटीवरचे कर्मचारी, ८५ च्या पुढचे आजीआजोबा ज्यांनी घरून मत दिलं ते. ही पाकिटं उघडायला वेळ लागतो, म्हणून साडेआठला मशीनही सुरू करतात. टीव्हीवरचं ८ वाजून ५ मिनिटांचं "आघाडी" म्हणजे या पाकिटांतली दोन-चारशे मतं, किंवा तेही नाही, नुसता रिपोर्टरचा उत्साह.

हॉलमध्ये साधारण १४ टेबलं, मध्ये जाळी, जाळीच्या एका बाजूला कर्मचारी आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक उमेदवाराचा एकेक एजंट मान लांब करून बसलेला. टेबलावर येतं ते फक्त कंट्रोल युनिट, ज्यावर आपण बटण दाबतो ते मशीन नाही. आधी त्याचा नंबर आणि कागदी सील एजंटांना दाखवायचं, मग एकूण मतांचा आकडा १७-सी शी जुळतो का बघायचं, मग 'रिझल्ट'चं बटण. छोट्या पडद्यावर उमेदवारांच्या क्रमानं आकडे येतात, एक, दोन, तीन, आणि सगळे एजंट वहीत खाली मान घालून लिहीत असतात. १४ टेबलांची १४ मशीनं झाली की एक फेरी. तीनशे केंद्रांचा मतदारसंघ असेल तर एकवीस-बावीस फेऱ्या. म्हणून तालुक्याच्या कुठल्या भागाच्या पेट्या कुठल्या फेरीत उघडणार हे कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं, आणि दहाव्या फेरीला पिछाडी असूनही तो निवांत चहा पीत बसलेला असतो, "आपला पट्टा अजून यायचाय" म्हणून.

शेवटी चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या (बटण दाबल्यावर कुणाला मत गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) पावत्या हातानं मोजतात. २८८ गुणिले ५, म्हणजे राज्यात १४४० ठिकाणच्या. कुठंही फरक निघाला नाही असं आयोगानं सांगितलंय.

प्रश्न : मग मारकडवाडीत लोकांना परत मतदान का करू दिलं नाही? साधा कागदच तर होता. (तरुण शेतकरी, सांगोला तालुका)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माळशिरस मतदारसंघातलं मारकडवाडी हे गाव. तिथं तुतारीचे उत्तम जानकर आमदार म्हणून निवडून आले, पण गावच्या केंद्रांवर भाजपच्या राम सातपुतेंना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. गावातले जानकर समर्थक म्हणाले हे शक्यच नाही, आणि ३ डिसेंबरला स्वखर्चानं मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, गावकऱ्यांनी ते रद्द केलं.

असं मतदान कायद्यात कुठं बसत नाही हे खरं, पण एवढा फौजफाटा आणायची गरज होती असं मला वाटत नाही. मात्र समजा झालं असतं मतदान, तर त्यातून सिद्ध काय होणार होतं? २० तारखेला गुप्त मत दिलेला माणूस ३ तारखेला सगळं गाव बघत असताना तसंच मत देईल? ज्यानं भावकीला न सांगता दुसरीकडं बटण दाबलं असेल तो त्या दिवशी शेतावरच गेला असता ना.

खरा विषय वेगळाच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. गावचं मत गावाला कळतंच कशाला? बूथनिहाय निकाल बाहेर येतो, आणि मग पाच वर्षं "तुमच्या वाडीवर आम्हाला लीड नव्हतं" म्हणून रस्ता अडतो, पाण्याची लाईन अडते. तुम्हीही ऐकलं असेल. अनेक मशीनची मतं एकत्र करून मोजायचं टोटलायझर नावाचं यंत्र आयोगानंच २००८ मध्ये सुचवलं होतं, ते अजून आलेलं नाही. पण मग बूथवर काही गडबड झाली तर पकडायची कशी, हाही प्रश्न आहेच. दोन्ही एकदम मिळत नाही.

प्रश्न : आमच्यात सगळे म्हणतात लाडक्या बहिणींनी निवडणूक फिरवली. मला पण पैसे मिळाले पण मी त्यांना मत दिलं नाही. मी काय गुन्हा केला का? (गृहिणी, चाळीसगाव)

अजिबात नाही ताई, पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे तुमचेच. मत तुमचं.

पण परिणाम झालाच नाही असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं. लाडकी बहीण योजनेची जूनच्या अर्थसंकल्पात घोषणा, जुलैपासून महिना १५०० रुपये, आचारसंहिता लागायच्या आत पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार खात्यात जमा, शेवटचे दोन तर दिवाळीच्या तोंडावर एकदम. सव्वादोन कोटींच्या वर बायका. महिलांचं मतदान २०१९ ला ५९ टक्क्यांच्या आसपास होतं ते यावेळी ६५ च्या वर गेलं. झारखंडचा निकाल त्याच दिवशी लागला, तिथंही बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणारं सरकार होतं, ते विरोधातल्या पक्षांचं, आणि ८१ पैकी ५६ जागा घेऊन तेही परत आलं. मध्य प्रदेशात २०२३ ला तेच. म्हणजे पक्ष कुठलाही असो, पैसे पोचवणारं सरकार टिकतंय.

पण बायका काय फक्त पैशाला भुलल्या, असं जे पारावर बोललं जातंय ना, त्याचा मला संताप येतो. आघाडीनं तर ३००० कबूल केले होते, महायुतीनं २१००. नुसता हावरटपणा असता तर जास्त बोलीवाल्याला मत गेलं असतं. ज्याचं आलंय त्याच्यावर विश्वास ठेवला, ज्याचं येणार आहे त्याच्यावर नाही. याला व्यवहार म्हणतात, आणि घर चालवणारीला तो नवऱ्यापेक्षा जास्त कळतो. आता २१०० कधी देणार ते विचारत राहा, तेवढं मात्र विसरू नका.

सोयाबीनचा भाव, जरांगे पाटलांनी ऐनवेळी उमेदवार मागे घेणं, ओबीसींची एकजूट, "एक है तो सेफ है", हे सगळं बाकीच्या पत्रांत आहे, पण त्यातलं कशाचं किती वजन हे मतदारसंघागणिक बदलतं, एका उत्तरात ते बसवणं म्हणजे थापा मारणं होईल.

प्रश्न : विरोधी पक्षनेता नाही म्हणजे काय, विरोधी पक्षच नाही का? (वाचक, रोहा)

पक्ष आहेत, पण संख्याबळ नाही. प्रथा अशी की सभागृहाच्या एक दशांश सदस्य हवेत, २८८ चे २९. ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, पवारांचा पक्ष १०. तिघांची मिळून ४६ होतात पण ते तीन वेगळे पक्ष. हा एक दशांशाचा नियम घटनेत कुठंही नाही, परंपरेनं आलाय, शेवटी अध्यक्षांच्या हातात आहे. २०१५ ला दिल्लीत ७० पैकी भाजपचे फक्त ३ आमदार होते तरी आम आदमी पक्षाच्या सरकारनं त्यांच्या विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेतेपद दिलं होतं. मन मोठं असेल तर मार्ग निघतो. इथं काय होतं बघू, मला फार आशा नाही.

प्रश्न : २६ नोव्हेंबरला विधानसभेची मुदत संपणार होती, ५ डिसेंबरपर्यंत मुख्यमंत्री नाही, मग राष्ट्रपती राजवट का लागली नाही? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

कारण नवी विधानसभा त्याआधीच अस्तित्वात आली होती. २४ तारखेला निवडून आलेल्यांची अधिसूचना निघाली, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७३, की झालं सभागृह गठित. मुख्यमंत्री ठरेना म्हणून एकनाथ शिंदे काळजीवाहू राहिले. २६ तारखेचा बागुलबुवा चॅनेलवाल्यांनी केला होता. परीक्षेत कलम ७३ लिही, मार्क मिळतील.

प्रश्न : आमच्या आंबेगावात एकाच नावाचे दोन उमेदवार होते. हे चालतं? (वाचक, मंचर)

चालतं, नाव काही कुणाच्या मालकीचं नाही. फोटो असतो मशीनवर, क्रम वेगळा असतो, आयोगाच्या मते तेवढं पुरेसं. पण तुमच्याकडचं उदाहरण जिव्हारी लागण्यासारखंच आहे. दिलीप वळसे पाटील १५२३ मतांनी निवडून आले, हरलेले तुतारीचे देवदत्त निकम, आणि अगदी त्याच नावाच्या अपक्षाला, ज्याचं चिन्हही तुतारीशी गोंधळ होईल असं, त्याला २९६५ मतं. ती सगळी चुकून पडली असं छातीठोक कुणी म्हणू शकत नाही, पण ओळख ना पाळख अशा अपक्षाला एरवी तेवढी पडतात का, ते मंचरच्या बाजारात कुणालाही विचारा. लोकसभेला साताऱ्यातही पिपाणी या तुतारीसारख्या चिन्हानं असंच केलं होतं : तुतारीचे शशिकांत शिंदे ३२,७७१ नं पडले आणि पिपाणीला ३७ हजार. एकदा झालं ते ठीक, दुसऱ्यांदा तेच होऊ देणं हे मात्र आयोगाचं अपयश आहे.

प्रश्न : माझ्या एका मतानं काय फरक पडतो? (नाव नको, भंडारा)

साकोली तुमच्याच जिल्ह्यात आहे ना? नाना पटोले २०८ मतांनी आले. मालेगाव मध्य १६२. बेलापूर ३७७. बसा हिशोब करत.

प्रश्न : माहीममध्ये अमित ठाकरेंचं डिपॉझिट गेलं का? मित्राशी पैज लागलीये. (वाचक, दादर)

नाही गेलं, मित्राला वडापाव द्या. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मिळाली की दहा हजार परत, आणि त्यांना ३३ हजारांच्या वर मतं होती. तिसरा नंबर मात्र आला. पहिल्या महेश सावंत आणि दुसऱ्या सदा सरवणकरांत फक्त १३१६ चं अंतर, तेव्हा ती ३३ हजार मतं कुणाची गेली यावर अजून एक पैज लावायला हरकत नाही, ती कुणीच जिंकणार नाही. त्यांच्या मनसेची राज्यात एकही जागा आली नाही.

प्रश्न : नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर? (वाचक, औसा)

तर दुसऱ्या नंबरचा, म्हणजे माणसांतला पहिला, निवडून येतो. तुमच्या शेजारच्या लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, विसरलात का? तेव्हा धीरज देशमुख मोठ्या फरकानं आले होते. यावेळी तिथं समोर रमेश कराड उभे होते, आणि देशमुख साडेसहा हजारांनी पडले. आधीच्या लाखभराच्या लीडवरून कुणाचा जनाधार किती हे ठरवू नये ते यासाठीच.

प्रश्न : आम्ही दुबईत आहोत, पासपोर्ट भारतीय. इथून ऑनलाइन मत देता येईल का? गावाकडं यादीत नाव नाही. (मूळ गाव रत्नागिरी जिल्हा)

ऑनलाइन नाही, टपालानंही नाही. फॉर्म ६-ए भरा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागेल, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जायला लागतं. मतदार ओळखपत्र वेगळं मिळत नाही. नाव लागल्याची खात्री झाल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि शनिवार-रविवार धरून तर काढूच नका, यावेळी मतदान बुधवारी होतं आणि २०१९ ला सोमवारी.